उत्तर कोपऱ्यातच का असते?

बारावीच्या गणितात एक प्रकरण असे आहे की, ज्यावर विद्यार्थी मनापासून खूष असतात. विज्ञान शाखा असो वा वाणिज्य, दोन्हींच्या पाठ्यपुस्तकांत ते आहे. इंग्रजीत त्याला ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ म्हणतात; आपण रेषीय नियोजन म्हणू. दोन अज्ञात राशी, तीन-चार असमानता, आलेखाच्या कागदावर तितक्याच रेषा, त्यांनी वेढलेला बहुभुज पेन्सिलीने छायांकित करायचा, त्याच्या कोपऱ्यांचे सहनिर्देशक काढायचे आणि ते एकेक करून दिलेल्या राशीत घालून पाहायचे. सर्वांत मोठे उत्तर आले ते कमाल, सर्वांत लहान आले ते किमान. हात बसला की पंधरा मिनिटांत पुरे गुण. परीक्षेत ‘हमखास’ म्हणून जी प्रकरणे विद्यार्थी शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवतात, त्यांत याचा क्रमांक फार वरचा लागतो.

प्रस्तुत लेखकाने हे प्रकरण अनेक वर्षे वर्गात शिकविले. एका वर्षी मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, उत्तर दर वेळी कोपऱ्यातच का येते? मध्ये कुठे का येत नाही?” तास संपत आला होता. “तसे प्रमेय आहे,” असे सांगून मी वेळ मारून नेली. मुलगा खाली बसला. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आणि त्याचा जसजसा विचार करीत गेलो, तसतसे लक्षात आले की, जे प्रकरण आपण गुणांचे दुकान म्हणून शिकवितो, त्यात भाकरीचा आणि पाण्याचा हिशेब भरलेला आहे.

पाटी आणि गोटी

आधी त्या मुलाचे देणे फेडू. लाकडी चौकटीची जुनी पाटी घ्या, तीवर एक गोटी ठेवा आणि पाटी किंचित तिरकी करा. गोटी घरंगळत जाऊन चौकटीला टेकेल, चौकटीच्या कडेने सरकेल आणि एका कोपऱ्यात जाऊन थांबेल. पाटी कशीही कलती करा, गोटी मध्यावर थांबणार नाही. आता तीच गोटी कढईत सोडा. ती मध्यभागी जाऊन स्थिरावेल. कढई आणि पाटी यांतील हा फरक म्हणजेच कलनशास्त्राच्या प्रकरणातील कमाल-किमान आणि रेषीय नियोजनातील कमाल-किमान यांतील फरक होय. कढईचा उतार जागोजाग बदलतो आणि तळाशी शून्य होतो. म्हणून तेथे आपण अवकलज शून्य कोठे होतो ते शोधतो. पाटीचा उतार सर्वत्र सारखा असतो आणि तो कोठेही शून्य होत नाही. आतल्या कोणत्याही बिंदूवर उभे राहा, एखाद्या दिशेने पाऊल टाकले की राशी वाढतेच आणि उलट दिशेने टाकले की घटतेच. मग थांबायचे कोठे? जेथे चौकट अडविते तेथे. आणि चौकटीच्या एका कडेवरूनही अजून खाली सरकता येत असेल, तर दुसरी कड येऊन मिळेपर्यंत. गोटी थांबते तो किमानाचा कोपरा. पाटीचा सर्वांत उंच राहिलेला कोपरा तो कमालाचा.

यात आणखी एक गोष्ट गृहीत आहे. प्रत्येक असमानता कागदाचा एक भाग सरळ रेषेत कापून टाकते. त्यामुळे उरलेल्या क्षेत्राला आत वळलेली खाच कधी नसते. खाच असती, तर गोटी वाटेत एखाद्या खोट्या कोपऱ्यात अडकून पडली असती. तशी ती अडकत नाही, म्हणून शेजारच्या सर्व कोपऱ्यांपेक्षा सरस असलेला कोपरा हा साऱ्या क्षेत्रात सरस असतो.

पुस्तकात ज्यांना ‘विशेष प्रकार’ म्हणून वेगळे पाठ करावयास लावतात, तेही पाटीवर आपोआप दिसतात. पाटी नेमकी एका कडेवर कलली, तर गोटी त्या कडेवर कोठेही थांबू शकते. म्हणजे उत्तरे अनंत. चौकटीची एक बाजू निखळलेली असली आणि कल त्याच बाजूला असला, तर गोटी जमिनीवर. म्हणजे कमाल वा किमान अस्तित्वातच नाही. आणि अटी परस्परांना छेद देणाऱ्या असतील तर पाटीच उरत नाही. सरकारी परिपत्रके वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या शेवटच्या प्रकाराची फोड करून सांगण्याची गरज नाही.

दहा एकर, अठरा मापे

उदाहरणावाचून हे सारे हवेत राहील. पुस्तकातील खुर्च्या-टेबलांचा कारखाना बाजूला ठेवून कालव्याखालचा एक शेतकरी घेऊ. त्याची जमीन १० एकर. ज्वारीच्या एका एकराला लागते त्या पाण्याला आपण एक माप म्हणू. उसाच्या एका एकराला अशी ५ मापे लागतात, असे धरू. वाट्याला आलेले पाणी १८ मापे. उसाचे एकरी नक्त उत्पन्न ३० हजार रुपये, ज्वारीचे ८ हजार. हे आकडे पाटीवरचे आहेत, शेतातले नव्हेत. ऊस वर्ष-दीड वर्ष रान अडवून ठेवतो आणि ज्वारी चार महिन्यांत निघते, ही गुंतागुंतही येथे सोडून दिली आहे. रोख तेवढा खरा आहे.

ऊस क्ष एकर आणि ज्वारी य एकर मानली, तर क्ष आणि य यांची बेरीज १० हून अधिक नको, आणि ५क्ष अधिक य हे १८ हून अधिक नकोत. दोन्ही राशी ऋण नसाव्यात, हे उघडच आहे. क्षेत्राला चार कोपरे मिळतात. काहीच पेरले नाही तर उत्पन्न शून्य. नुसती ज्वारी, १० एकर : ८० हजार. नुसता ऊस, तर पाणी ३.६ एकरांनाच पुरते : १ लाख ८ हजार. आणि दोन्ही रेषा छेदतात तेथे २ एकर ऊस व ८ एकर ज्वारी : १ लाख २४ हजार. कमाल येथे आहे.

विद्यार्थी या आकड्याभोवती चौकट काढून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. येथे थोडे थांबले पाहिजे. एकरी हिशेब केला, तर ऊस ज्वारीच्या जवळजवळ चौपट देतो. मापी हिशेब केला, तर उसाचे एक माप पाणी ६ हजार देते आणि ज्वारीचे ८ हजार. कोणते पीक किफायतशीर, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. ते टंचाई कशाची आहे यावर अवलंबून आहे. पाणी ५० मापांवर गेले, की दहाही एकर ऊस लावावा आणि पुढच्या प्रत्येक मापाची किंमत शून्य. पाणी ८ मापांवर आले, की सारी ज्वारी पेरावी, २ एकर पडीक ठेवावे, आणि आता किंमत शून्य झाली ती जमिनीची.

मधल्या वर्षांचे काय? १८ च्या जागी १९ मापे पाणी मिळाले असे समजा. कोपरा सरकतो : ऊस सव्वादोन एकर, ज्वारी पावणेआठ एकर, उत्पन्न १ लाख २९ हजार ५००. म्हणजे त्या एका जादा मापाने साडेपाच हजार रुपये दिले. पाणी तेवढेच ठेवून जमीन एक एकराने वाढविली, तर ऊस पावणेदोन एकर, ज्वारी सव्वानऊ एकर, आणि वाढ अडीच हजारांची. आता १८ मापे गुणिले साडेपाच हजार आणि १० एकर गुणिले अडीच हजार यांची बेरीज करून पाहा. ती बरोबर १ लाख २४ हजार येते. सारे उत्पन्न पाणी आणि जमीन यांच्यात न्याय्यपणे वाटले गेले, आणि वाटणारा कोणी पंच नव्हता. बाजारात न दिसणाऱ्या या किमतींना अर्थशास्त्रज्ञ ‘छाया-किंमत’ म्हणतात. कमालाच्या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात असा किमानाचा एक जोडप्रश्न दडलेला असतो आणि दोहोंची उत्तरे एकच येतात, हे या विषयातील सर्वांत देखणे सत्य. आपल्या अभ्यासक्रमात त्याला जागा मिळालेली नाही.

मालाच्या भावाचे आणखी एक वळण पाहू. ज्वारीचे एकरी उत्पन्न ८ हजारांवरून ७ वर आले, तरी २ एकर ऊस आणि ८ एकर ज्वारी हाच कोपरा सरस राहतो. ६ वर आले, की पाटी एका कडेवर कलते; तो कोपरा आणि ३.६ एकर उसाचा कोपरा यांची बरोबरी होते. ६ च्या खाली रुपयाभर जरी घसरले, तरी कमाल उडी मारून उसाच्या कोपऱ्यात जाते, ज्वारी शेतातून पार नाहीशी होते आणि ६.४ एकर रान मोकळे पडते. भाव हळूहळू उतरतो, पीकरचना मात्र एकदम पालटते. गावोगाव ज्वारीची रिकामी झालेली पेवे पाहून जे शेतकऱ्याच्या हव्यासाला बोल लावतात, त्यांनी ही उडी कागदावर एकदा करून पाहावी. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने माल घेणारे कोणी दारात उभे नसते.

मुखाचा आणि शेपटाचा

येथवर शेतकरी एकटा होता. आता त्याच कालव्यावर अगदी तसाच दुसरा शेतकरी आणा. जमीन १० एकर, आणि दोघांत मिळून पाणी ३६ मापे. पहिल्याचे रान कालव्याच्या मुखाशी, दुसऱ्याचे शेपटाशी. पाणी निम्मे-निम्मे झाले, तर प्रत्येकी १ लाख २४ हजार, दोघांचे मिळून २ लाख ४८ हजार. मुखाशी असलेल्याने सारे पाणी आपल्या रानात वळविले, तर त्याचे कमाल काय? साडेसहा एकर ऊस, साडेतीन एकर ज्वारी, उत्पन्न २ लाख २३ हजार. त्याच्या दृष्टीने हा हिशेब निर्दोष आहे. त्याचे उत्पन्न ९९ हजारांनी वाढले. शेपटाकडच्याचे १ लाख २४ हजार बुडाले. आणि कालव्याचे, म्हणजे समाजाचे, २५ हजार रुपये कोणाच्याच हाती न पडता वाहून गेले. दोन्ही आलेख बरोबर आहेत. फरक एवढाच की, पहिल्याने आपल्या कागदावर शेपटाकडच्याची असमानता मांडलीच नव्हती.

महाराष्ट्रात हे उदाहरण कल्पित राहत नाही. लागवडीखालच्या एकूण क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातील दोनतृतीयांशाच्या आसपास पाणी तो घेतो, हे आकडे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने वारंवार पुढे ठेवले आहेत. बारमाही की आठमाही हा आपल्याकडील वाद जुना आहे. पाणीपट्टी परंपरेने पिकावर आणि क्षेत्रावर आकारली जाते. माप मोजून आकारली जात नाही. पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची तरतूद २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने झाली, हे खरे. तथापि ज्याच्या हिशेबात पाण्याची रेषाच काढलेली नाही, त्याचा आलेख त्याला उसाच्या कोपऱ्याकडे नेणार, यात त्याचा दोष किती आणि कागद आखून देणाऱ्याचा किती, याचा निवाडा राजकीय व्यासपीठांवरून क्वचितच केला जातो.

या संदर्भात पुरंदर तालुक्यातील नायगावची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकाने तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मालकीवर न देता घरातील माणसांवर द्यायचे; माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. गणिताच्या भाषेत सांगायचे तर साळुंखे यांनी उत्पन्न वाढविण्याचे उद्दिष्ट सोडले नाही. त्यांनी असमानता नव्याने लिहिल्या. कोपरे आपोआप दुसरीकडे गेले.

प्लायवूड, पेंटॅगॉन आणि गणकयंत्र

या विद्येचा जन्मही असाच व्यवहाराच्या पोटी झाला. लेनिनग्राडचे गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे १९३८ साली एका प्लायवूड उद्योगसंस्थेने प्रश्न आणला : निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळे लाकूड कसे वाटून द्यावे म्हणजे उत्पादन कमाल होईल? पुढच्याच वर्षी त्यांनी उत्पादनाच्या नियोजनाच्या गणिती पद्धतींवर पुस्तिका लिहिली. ज्यांना आपण वर छाया-किमती म्हटले, त्या त्यांनाही सापडल्या. परंतु ज्या देशात श्रम हेच मूल्याचे मूळ ही अधिकृत शिकवण होती, तेथे पाण्याला किंवा यंत्राच्या तासाला गणितातून किंमत निघते असे म्हणणे जोखमीचे होते. युद्धकाळात लिहिलेला त्यांचा मोठा ग्रंथ १९५९ पर्यंत छापला गेला नाही.

तिकडे अमेरिकेत १९४७ साली वायुदलासाठी पेंटॅगॉनमध्ये काम करणारे जॉर्ज डँट्झिग यांनी स्वतंत्रपणे तोच डोंगर दुसऱ्या बाजूने चढला. ‘प्रोग्रॅम’ हा शब्द तेथील लष्करी बोलीतला. प्रशिक्षणाचे, रसदीचे, हालचालींचे वेळापत्रक म्हणजे प्रोग्रॅम. गणकयंत्राच्या प्रोग्रॅमशी त्याचा मुळात संबंध नाही. आपल्या बारावीच्या बहुभुजाला चार-पाच कोपरे असतात, ते सारे तपासता येतात. परंतु ७० माणसांना ७० कामे वाटून द्यायची म्हटले, तर वाटणीचे जितके प्रकार होतात ती संख्या १०१ अंकी आहे. डँट्झिग यांच्या सिंप्लेक्स रीतीने सारे कोपरे तपासण्याचा हट्ट सोडला. एका कोपऱ्यावर उभे राहायचे, शेजारचा सरस असेल तर तिकडे जायचे, सरस शेजारी उरला नाही की थांबायचे. खाच नसलेल्या पाटीचा गुण येथे कामी येतो. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक कांतोरोविच आणि त्यालिंग कूपमन्स यांना विभागून मिळाले. डँट्झिग यांना वगळल्याची खंत खुद्द कूपमन्स यांनाही वाटली.

पुढे १९७२ साली असे मुद्दाम रचलेले प्रश्न सापडले की, ज्यांत सिंप्लेक्स रीतीला सर्वच्या सर्व कोपरे हिंडावे लागतात. १९८४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील नरेंद्र करमरकर यांनी कोपऱ्याकोपऱ्याने न जाता क्षेत्राच्या आतून वाट काढीत कमालाकडे जाणारी रीत दिली. ते मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर. ‘मध्ये का नाही?’ असे विचारणारा माझा विद्यार्थी अगदीच चुकत नव्हता. उत्तर कोपऱ्यात असले, तरी रस्ता मधून असू शकतो.

किमानाची भाकरी

कमालाचा हिशेब पाण्याकडे नेतो, तसा किमानाचा हिशेब अन्नाकडे. जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली प्रश्न मांडला : प्रौढ माणसाला उष्मांक, प्रथिने, चुना, लोह, जीवनसत्त्वे अशी नऊ पोषकद्रव्ये पुरेशी मिळावीत आणि खर्च किमान यावा, तर ७७ खाद्यपदार्थांपैकी कोणते किती घ्यावेत? सिंप्लेक्स रीत तेव्हा जन्मायची होती. चाचपडत, तर्काने त्यांनी उत्तर काढले : १९३९ च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. आहारात गव्हाचे पीठ, डब्यातले आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळवलेले पांढरे घेवडे, बस्स. १९४७ साली नवी रीत हाती आल्यावर नऊ कारकुनांनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवस खपून तोच हिशेब पुन्हा केला. खरे किमान निघाले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिगलर चोवीस सेंटांनी चुकले होते. ज्या कोणी कचेरीत ताळेबंदाचे पैसे जुळविण्यासाठी रात्र काढली असेल, त्याला या नऊ जणांबद्दल आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही.

गणित बिनचूक होते. ते ताट मात्र कोणी वर्षभर जेवू शकला नसता. चवीची, बदलाची, सणावाराची, आजारी माणसाची एकही असमानता त्यात नव्हती. स्टिगलर यांना स्वतःला याची पुरी जाणीव होती. खुद्द डँट्झिग यांना पुढे डॉक्टरांनी वजन उतरविण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी आपला आहार यंत्राकडून ठरवून घेण्याचे मनात आणले. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून पदार्थाच्या वजनातून पाण्याचे वजन वजा करून उरेल ते कमाल करायचे, असे उद्दिष्ट ठेवले. यंत्राने पाचशे गॅलन व्हिनेगर पिण्याचा सल्ला दिला, कारण तक्त्यात व्हिनेगर पाणीविरहित म्हणून नोंदले गेले होते. ते काढून टाकल्यावर यंत्राने रोज मांसरसाच्या खारट अर्काच्या दोनशे वड्या सुचविल्या. मिठाला वरची मर्यादा घालायचे राहून गेले होते. दोन्ही वेळा यंत्र सांगितले तेच करीत होते.

घरगुती आहाराबाबत हा विनोद झाला. धोरणाच्या बाबतीत तो विनोद राहत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. माणशी रोज २,२५० उष्मांक किमान कितीत मिळू शकतील, हे स्टिगलरच्या धर्तीवर काढता आले असते. त्यांनी दुसरी वाट धरली. लोक प्रत्यक्षात जसे खातात आणि जसा खर्च करतात, तसे खाऊन-खर्चून ज्या पातळीवर एवढे उष्मांक पदरी पडतात, ती पातळी त्यांनी रेषा मानली. तीत मीठ-मिरची आली, सरपण आले, कपडा आला. त्या रेषेवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तीतील काही सयुक्तिकही होती. परंतु किमान खर्चाच्या आहारावर रेषा आखली असती, तर देशातील निम्मेअधिक दारिद्र्य कागदावरून एका दुपारीत नाहीसे करता आले असते. किमान काढून देणाऱ्याने कोणत्या अटी गाळल्या, हे विचारल्याखेरीज कोणतेही किमान स्वीकारू नये, असे मला वाटते ते यासाठीच. मग ते किमान वेतन असो, रेशनचे प्रमाण असो की शाळेत दर वर्गामागे मंजूर होणारे शिक्षक असोत.

असमानता लिहिणारे हात

शिकविण्याच्या बाबतीत माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आलेख काढणे, कोपरे शोधणे, किमती घालून पाहणे हे सारे आता खिशातले यंत्रही क्षणात करते. यंत्र जे करीत नाही ते म्हणजे परिस्थितीकडे पाहून असमानता लिहिणे. आपल्या परीक्षेत नेमके तेच काम प्रश्न काढणारा स्वतः करून देतो. शाब्दिक उदाहरणातही ‘जास्तीत जास्त’ आणि ‘कमीत कमी’ हे शब्द असे पेरलेले असतात की, विद्यार्थ्याने वाक्याचे चिन्हात रूपांतर तेवढे करावे. एखादी अट मुद्दाम गाळून ‘कोणती अट राहिली?’ असे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. एखादी अट थोडी सैल केली तर उत्तर कितीने बदलेल, हा प्रश्नही दोन गुणांना विचारता येण्याजोगा आहे, आणि छाया-किंमत हे नाव न घेताही तो सोडविता येतो.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी वरचेच ऊस-ज्वारीचे उदाहरण घटक चाचणीला घातले. ज्वारीचे एकरी उत्पन्न मात्र ५ हजार धरले होते. अपेक्षित उत्तर उसाच्या कोपऱ्यातले : ३.६ एकर ऊस, ज्वारी शून्य, १ लाख ८ हजार. बहुतेकांनी ते बिनचूक लिहिले. शेतकरी घरातून आलेल्या एका मुलाने दोन रेषांखेरीज तिसरी एक रेषा काढली होती : य किमान ३. शेजारी लिहिले होते, ‘बैलांना कडबा.’ त्याचा कोपरा ३ एकर ऊस आणि ३ एकर ज्वारीवर आला, उत्पन्न १ लाख ५ हजार. खाली त्याने वजाबाकी करून ठेवली होती : कडब्यापायी ३ हजारांचा तोटा. आणि त्याच्याही खाली एक ओळ, की तीन एकरांचा कडबा बाजारात ३ हजारांना कोणी देत नाही. नमुना उत्तरपत्रिकेप्रमाणे उत्तर चूक होते. मी पूर्ण गुण दिले.